घरातला बोका सोफ्यावर, पडद्यावर पिचकाऱ्या मारतो. कसा थांबवायचा?

तुम्ही लिहिलंय की बोका दीड वर्षाचा आहे, अजून नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही, आणि रोज फिनाइलनं पुसूनही तो फिरून तिथंच पिचकारी मारतो. आधी ते फिनाइल बंद करा. मुताचा वास त्यानं जात नाही, नुसता आपल्या नाकाला झाकला जातो. शिवाय फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात गेलंच. डेटॉलचंही तेच. आमच्या आईला फिनाइलच्या वासाशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही, त्यामुळं बोक्यापेक्षा तिची समजूत काढायला मला जास्त दिवस लागले.

मग तो मुततो कसा ते बघा. उभ्यानं, शेपूट ताठ करून थरथरवत मागच्या बाजूला थोडंसं उडवत असेल, तर ती हद्दीची खूण. खाली बसून थारोळं करत असेल, तर त्याचा शी-शूचा ट्रे त्याला आवडत नाही किंवा काहीतरी दुखतंय. आणि सारखा बसतोय, ओरडतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. बोक्याची लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

खूणच असेल तर ऑपरेशन करून घ्या. दहातले साधारण नऊ बोके त्यानं थांबतात किंवा बरेच कमी करतात, पण काही आठवडे धीर धरावा लागतो. कोल्हापुरात गाई-म्हशींचे डॉक्टर पुष्कळ. तुम्ही मांजरांच्या ऑपरेशनचा हात बसलेला डॉक्टर विचारून शोधा.

आमचा बोका त्या उरलेल्या दहाव्यातला निघाला. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर, मागं परस. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले तरी पडद्यावर आणि दारातल्या माझ्या नव्या पायताणावर त्याचा प्रसाद चालूच. शेवटी एका पहाटे कारण दिसलं. कान फाटलेला एक भुरा बोका परसाच्या भिंतीवर बसून आमच्या खिडकीकडं टक लावून बघत होता. पडद्याचं कोडं सुटलं. पायताणाचं असं, की गल्लीभर फिरून मी त्याच भुऱ्याचा वास घरात आणत असणार.

मग खिडकीच्या खालच्या काचांना दुधी कागद चिकटवला, चपला बंद कपाटात गेल्या, आणि आई परसात टाकायची ते माशांचे काटे बंद झाले. भुऱ्याचं येणं त्यानंच कमी झालं. डाग पडलेल्या जागा एन्झाइमवाल्या क्लीनरनं भिजवल्या. पेट शॉपमध्ये मिळतो, महाग आहे, पण लगेच पुसू नका, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ मुरू द्या. पडद्याखाली त्याची जेवणाची वाटी ठेवली, कारण जेवायच्या जागी मांजर सहसा मुतत नाही. ट्रे रोज साफ करा, आणि मांजरं जितकी असतील त्याहून एक ट्रे जास्त ठेवा.

मारू मात्र नका, नाक तर अजिबात घासू नका. तो आधीच धास्तावलेला असतो, धास्ती वाढली की पिचकाऱ्याही वाढतात.

आमच्याकडं दीड महिन्यात पडदा कोरडा राहायला लागला. पायताण मात्र वाचलं नाही. चामड्यात मुरलेलं काही केल्या निघेना, म्हणून वाळवायला परसात ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी भुऱ्यानं त्यावर स्वतःची सही करून ठेवली होती.