पार्किंगचा दंड इन्शुरन्सवाल्यांना सांगायचा का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. मागच्या वर्षात मला पार्किंगचे तीन दंड बसले. पहिला डबल पिवळ्या लाइनवर गाडी लावली म्हणून, लगेच भरला म्हणून ३५ पौंडात सुटलो. दुसरा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दोन तासांपेक्षा जास्त थांबलो म्हणून ६० पौंड. तिसरा झेब्रा क्रॉसिंगजवळ त्या पांढऱ्या नागमोडी रेषा असतात ना, तिथला, पण तो कोणी दिला तेच आता आठवत नाही, पैसे भरले आणि कागद टाकून दिला. आता गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करायचाय आणि फॉर्ममध्ये विचारलंय की मागच्या ५ वर्षांत कन्व्हिक्शन (कोर्टात शाबीत झालेला गुन्हा), फिक्स्ड पेनल्टी किंवा पॉइंट्स (नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) आहेत का. बायको म्हणते तिन्ही सांगून टाक, उद्या क्लेम नाकारला तर काय करशील. सासरे पुण्याहून फोनवर म्हणतात इथे चलनाचं कोणी इन्शुरन्सवाल्याला सांगतं का, गप्प बस. मी मधल्या मध्ये अडकलोय.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर: पहिल्या दोन दंडांचं सांगायची गरज नाही, तिसऱ्याचं आधी शोधा आणि मगच फॉर्म भरा. म्हणजे बायको एक तृतीयांश बरोबर असू शकते आणि सासरे दोन तृतीयांश, पण हे घरी कोणत्या क्रमाने सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी स्वतः तिकडे नऊ वर्षं काढली, त्यामुळे काचेला चिकटवलेली ती पिवळी प्लास्टिकची पिशवी बघून पोटात कसा गोळा येतो ते मला माहितीये. पण ती पिशवी बघून घाबरायचं नाही, आतला कागद वाचायचा, कारण सगळे दंड एका जातीचे नसतात आणि घोळ तिथेच होतो.

डबल पिवळ्या लाइनचा कागद बहुतेक ठिकाणी काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, असतो, त्याला म्हणतात पेनल्टी चार्ज नोटीस. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये तो ५० किंवा ७० पौंडांचा असतो आणि १४ दिवसांत भरला तर निम्मा, तुम्ही ३५ भरले म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. ही दिवाणी बाब आहे, गुन्हा नाही, लायसन्सवर पॉइंट नाही, कन्व्हिक्शन तर नाहीच. सुपरमार्केटचा तर सरकारी दंडसुद्धा नाही. ती प्रायव्हेट कंपनीची पार्किंग चार्ज नोटीस, म्हणजे बोर्डावर लिहिलेल्या अटी तुम्ही मोडल्या म्हणून कंपनी तुमच्याकडे पैसे मागते, करारातलं देणं. आणि गंमत बघा, दोघांचीही आद्याक्षरं पीसीएनच होतात, आणि मला तरी हा नुसता योगायोग वाटत नाही. अर्थात प्रायव्हेट आहे म्हणून फाडून टाका असं मी म्हणत नाहीये, तिकडच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये असाच ८५ पौंडांचा चार्ज योग्य ठरवलाय.

आता तुमचा तिसरा, आणि खरा प्रश्न हाच आहे. झेब्राजवळच्या नागमोडी रेषांवर गाडी उभी केली की काउन्सिलचा वॉर्डनही पावती देऊ शकतो आणि पोलिसही. वॉर्डनने दिली असेल तर ती वरच्यासारखीच पेनल्टी चार्ज नोटीस, विषय संपला. पण पोलिसाने दिली असेल तर ती फिक्स्ड पेनल्टी नोटीस, १०० पौंड आणि सोबत लायसन्सवर ३ पॉइंट, रेकॉर्डवर कोड पडतो पीसी३०. गाडी धोकादायक जागी सोडून दिली तर एमएस१०, तेही ३ पॉइंट. म्हणजे तीच रेष, तीच गाडी, तीच पाच मिनिटं, फक्त पावती फाडणारा माणूस वेगळा आणि तुमच्या फॉर्ममधलं उत्तर नाहीचं हो होतं. तेव्हा आठवून बघा, १०० पौंड भरले होते का, आणि पैसे भरताना लायसन्सचे डिटेल्स मागितले होते का? काउन्सिल फक्त नोटीसचा नंबर आणि गाडीचा नंबर विचारते, तिला तुमच्या लायसन्सशी काही देणंघेणं नसतं.

आठवत नसेल तरी हरकत नाही. डीव्हीएलएच्या, म्हणजे तिकडच्या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर स्वतःचं लायसन्स रेकॉर्ड फुकट बघता येतं, लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड लागतो. पेनल्टीच्या टॅबमध्ये काही नसेल तर पॉइंट नाहीत. इन्शुरन्स कंपन्याही तुमच्या लायसन्स नंबरवरून हेच रेकॉर्ड तपासू शकतात, त्यामुळे लपवून काही उपयोग नाही. एक बारीक गोष्ट, हे पॉइंट रेकॉर्डवर साधारण ४ वर्षं दिसतात पण फॉर्ममध्ये विचारतात ५ वर्षांचं, त्यामुळे स्क्रीनवरून नाव पुसलं गेलं म्हणजे सांगायचं नाही असं होत नाही, बरेच लोक याच एका वर्षात फसतात. तुमचं अजून वर्षच झालंय म्हणून ते सध्या बाजूला ठेवा.

आणि हो, भारतातलं लायसन्स तिकडे १२ महिनेच चालतं, म्हणजे तुम्ही तिथली टेस्ट देऊन नवीन लायसन्स काढलं असणार. मग हेही लक्षात ठेवा की टेस्ट पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) घ्या, परत थिअरी, परत टेस्ट. तो तिसरा कागद पोलिसांचा निघाला तर तुमचा अर्धा कोटा झेब्रापाशीच संपला म्हणायचा.

बायकोची भीती मात्र उगाच नाही. पूर्वी तिकडचा कायदा खरंच तसा होता, १९०६ च्या मरीन इन्शुरन्स कायद्यातही लिहिलेला, की कंपनीने विचारो न विचारो, महत्त्वाचं वाटेल ते सगळं आपणहून सांगायचं. २०१२ च्या नव्या ग्राहक कायद्याने, जो एप्रिल २०१३ पासून लागू झाला, हे उलटं केलं. आता विचारायचं काम कंपनीचं, तुमचं काम एवढंच की विचारलेल्या प्रश्नाला नीट काळजी घेऊन खरं उत्तर द्यायचं. म्हणून प्रश्नाचे शब्द दोनदा वाचा. 'कन्व्हिक्शन किंवा पॉइंट्स' विचारलंय तर पार्किंगचे पीसीएन त्यात येत नाहीत. तुमच्या फॉर्ममध्ये फिक्स्ड पेनल्टी हा शब्दही आहे, तर पोलिसांची नोटीस असेल तर ती लिहायची, काउन्सिलची त्यात मोडत नाही. बायको नेम्ड ड्रायव्हर असेल, म्हणजे पॉलिसीवर चालक म्हणून तिचंही नाव असेल, तर तिच्या लायसन्सबद्दलही विचारतील, तेव्हा तिचंही रेकॉर्ड बघा, नुसतं तुमचं नको.

चुकून राहिलं तर काय होतं? मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पॉलिसीच रद्द करून क्लेम नाकारू शकतात. निष्काळजीपणा ठरला तर बहुतेक वेळा प्रमाणात कापतात, म्हणजे खरं सांगितल्यावर प्रीमियम ८०० पौंड झाला असता आणि तुम्ही ६०० भरले, तर ४,००० च्या क्लेमचे ३,००० हातात येतात. ३ पॉइंटसाठी एवढा जुगार खेळू नये असं माझं मत. आणि कंपनीचा निर्णय पटला नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे, तक्रार करता येते, त्याचे पैसे लागत नाहीत.

एका बाबतीत प्रायव्हेट पार्किंगचा दंडसुद्धा इन्शुरन्सपर्यंत पोचतो, आणि हे मी अनुभवावरून सांगतेय. आम्ही स्लाऊहून मिल्टन कीन्सला घर बदललं आणि गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, पत्ता बदलायचा राहून गेला. जुन्या पत्त्यावर एका पार्किंग कंपनीची पत्रं जात राहिली, मग कोर्टाचं पत्र, आम्हाला खबरच नाही, आणि एक दिवस कळलं की आमच्या नावावर काउंटी कोर्टाचं जजमेंट, म्हणजे थकलेल्या पैशांबद्दलचा निकाल, लागलंय. एका महिन्याच्या आत पैसे भरले असते तर ते रजिस्टरमधून निघालं असतं, नाहीतर ६ वर्षं राहतं, आणि आमचा महिना कधीच उलटून गेला होता. त्यावर्षी इन्शुरन्सचे हप्ते पाडून द्यायला नकार आला, कारण महिन्याचे हप्ते म्हणजे कर्जच, क्रेडिट चेक होतो. पूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरले आणि वर नवऱ्याचं ऐकून घेतलं, कारण पत्ता बदलायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही वेळेत भरलेत, तुम्हाला हे लागू नाही, फक्त लॉगबुकवरचा पत्ता एकदा बघून घ्या.

आता सासऱ्यांसाठी. ते म्हणतात ते पुण्यापुरतं बरंच खरं आहे. नो पार्किंगचं चलन पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००, आणि गाडीचा इन्शुरन्स घेताना मुख्यतः जुने क्लेम आणि नो क्लेम बोनस बघतात. चलनांवरून प्रीमियम ठरवायचा प्रस्ताव आयआरडीएआयच्या, म्हणजे आपल्याकडच्या विमा नियामकाच्या, कार्यगटाने २०२१ मध्ये मांडला होता, हेही त्यांच्या कानावर घाला. आणि त्यांना एवढंच विचारा की मागच्या वेळी कंपनी बदलताना नो क्लेम बोनसच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं होतं, कारण तिथे चुकीचं लिहिलं तर आपल्याकडे क्लेम अडकू शकतो, पार्किंगच्या चलनावर नाही.

तुमचा तो तिसरा कागद कोणाचा निघाला ते कळवा, मलाही उत्सुकता आहे.