निकाल वाचताना: एका नव्या वकिलास पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. फौजदारी आणि कौटुंबिक अपिलांतल्या निकालांची वही करायला घेतली आहेस, फार छान. फक्त हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, उतरवून थांबू नकोस. त्या निकालाचं पुढे वर काय झालं, हे तारखेसह लिहीत जा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 19 जानेवारी 2021 चा पॉक्सोचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा, निकाल बघ. मुलगी बारा वर्षांची. स्पर्श कपड्यावरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोचं कलम 8 (लैंगिक हल्ल्याची शिक्षा) लागत नाही, असं उच्च न्यायालयाने ठरवलं आणि दंड संहितेच्या कलम 354 (विनयभंग) आणि 342 (बेकायदा कोंडून ठेवणं) खाली तेवढं दोषी धरलं. आठच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. 18 नोव्हेंबरला निकाल रद्दच केला: पाहायचा तो लैंगिक हेतू, मध्ये कापड होतं की नाही ते नव्हे. मधल्या काळात तो निकाल आधार म्हणून कोणी दाखवला असता, तर एखाद्या लेकराच्या खटल्याचं काय झालं असतं, याचा विचार कर. मला आजही तो निकाल आठवला की अस्वस्थ व्हायला होतं.

अपिलाच्या मुदतीबाबतही जप. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 19 म्हणतं 30 दिवस. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 मध्ये 2003 च्या दुरुस्तीनंतर 90 दिवस आहेत. आपल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यांसाठी 90 दिवस मान्य केले. तरी डायरीत तिसाव्या दिवसाचीच खूण कर. पक्षकाराचं नशीब मुदतीच्या वादावर कशाला टांगायचं?

पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2020 चा निकाल अख्खा वाच, तोही नागपूरहूनच वर गेलेला. अंतरिम पोटगीचा अर्ज 2013 चा, आणि वाद 2020 पर्यंत चालू! म्हणूनच न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी सांगणारं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हे पक्कं केलं. (1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम 125 हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय, अर्जात तेच घाल.)

बाई पहिल्यांदा भेटायला येते तेव्हा ती रडत असते, आणि आपण घाईघाईने छळाची हकिकत लिहून घेतो. हकिकत घेच, पण त्याच बैठकीत घरभाडं, शाळेची फी, औषधं, बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या नोकरीची माहिती, जे असेल ते मागून घे. तिला स्वतःचा पगार असेल तर तोही लिही, लपवू नकोस. प्रतिज्ञापत्रातली खोटी ओळ उलटतपासणीत उघडी पडली की तिच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तुझा,
सर