गाडीवाल्यांचे प्रश्न : टेप बदलायचाय, कॅमेरे लावायचेत

यावेळी आलेली पत्रं जवळपास सगळी एकाच वळणाची आहेत. कोल्हापुरात शाळांना सुट्ट्या लागायच्या बेतात आल्या की लोक गाडीच्या मागं लागतात, त्यामुळं एक पत्र सविस्तर घेतलंय आणि बाकीची थोडक्यात उरकलीत.

प्रश्न : माझ्याकडे २०१५ ची सेकंडहँड बोलेरो आहे. मागच्या सीट दुमडून त्यावर फळी, गादी आणि सामान असं केलंय, वर कॅरियर आहे. जूनमध्ये मी, मिसेस आणि वडील असे तिघं लडाखला जायचं म्हणतोय. आधीच्या मालकाने एक डिनचा (म्हणजे बारक्या खाचेत बसणारा) साधा टेप लावलाय. तो काढून १० इंची अँड्रॉइड स्टिरिओ आणि पुढं-मागं-दोन्ही बाजूला असे चार कॅमेरे, सगळं मिळून ३८ हजार असं दुकानदार म्हणतोय. घ्यावं का? (राजारामपुरी)

उत्तर : दुकानात जायच्या आधी एक काम करा, गाडीत सगळं सामान भरा. गादी, शेगडी, पाण्याचे कॅन, वडिलांची औषधाची पिशवी, सगळं. मग ड्रायव्हर सीटवर बसून आतल्या आरशात बघा काय दिसतंय ते. गादीच दिसणार! म्हणजे पहिला कॅमेरा ठरला, मागचा. आणि तो तुम्हाला नुसता पार्किंगला नकोय, चालत्या गाडीत आरशासारखा बघायला पाहिजे, हे दुकानदाराला स्पष्ट सांगितलं नाही तर तो नेहमीच्या सवयीनं कॅमेऱ्याला करंट रिव्हर्स लाईटच्या वायरीतनं देणार, म्हणजे रिव्हर्स टाकला तरच कॅमेरा चालू आणि पुढं पळताना स्क्रीन काळी ठिक्कर. तुम्ही करंट चावीच्या लाईनीतनं, मधे छोटा फ्यूज टाकून द्यायला सांगा, रिव्हर्स लाईटची वायर फक्त स्टिरिओला खूण द्यायला जोडायची. आणि तो स्टिरिओ रिव्हर्स न टाकता मागचा कॅमेरा दाखवतो का, हे पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच चालू करून बघा. काही स्वस्तातले दाखवत नाहीत.

बसवायची जागा. बोलेरोला स्टेपनी मागच्या दारावर आणि दार बाजूला उघडणारं, त्यामुळं कॅमेरा दारावर लावला की दार उघड-बंद करून वायर तिथंच वाकते आणि सहा महिन्यांत आतनं तुटते, मग चित्र कधी येतंय कधी जातंय आणि माणूस स्टिरिओला शिव्या घालत बसतो. दाराच्या वर, टपाच्या कडेला, बॉडीवर लावा. उंचीवरनं लांबचं दिसतं, स्टेपनी आड येत नाही आणि चिखलही कमी उडतो. गगनबावड्याला पावसात एकदा जाऊन आलेल्या माणसाला तांबड्या चिखलाबद्दल वेगळं सांगायला नको, नंबर प्लेटजवळचा कॅमेरा करूळ घाट उतरेपर्यंत आंधळा झालेला असतो. पाणी-धूळ आत न जाणारा, म्हणजे आयपी ६७ किंवा त्याच्या वरचा घ्या, आणि बॉडीला भोक पाडलं तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घालून कडेनं सीलंट लावायला सांगा, नाहीतर वायर पत्र्यावर घासते आणि पाणी आत येतं ते वेगळंच.

आता लोक सगळ्यात जास्त फसतात ते सिग्नलमध्ये. कॅमेरे दोन जातीचे, जुना साधा सीव्हीबीएस आणि नवा एएचडी. एएचडीचं चित्र बरंच स्वच्छ, पण स्टिरिओला तो कळला पाहिजे, आणि चित्राचा बारीकपणा ७२० की १०८०, सेकंदाला २५ फ्रेम की ३० हेही जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर काळं-पांढरं, पळणारं किंवा ‘नो सिग्नल’. म्हणून कॅमेरा एकीकडनं स्वस्तात आणि स्टिरिओ दुसरीकडनं असं करू नका, दोन्ही एकत्र जोडून बघूनच घ्या. वायफायवाले बिनतारी कॅमेरे तर नकोच, चित्र क्षणभर उशिरा येतं आणि घाटात मागं घेताना तो क्षणच महागात पडतो.

पुढच्या कॅमेऱ्याचा उपयोग आहे. चढ संपून गाडी एकदम खाली झुकते तिथं बोनेटच्या पुढं काय आहे ते दिसत नाही, कोणाला तरी खाली उतरवून हात करायला लावावं लागतं, तिथं वडिलांना उतरवण्यापेक्षा कॅमेरा बरा. बाजूच्या कॅमेऱ्यांपैकी डावा एक पुरे, आरशाच्या खाली, पुढचं डावं चाक आणि रस्त्याची कड दिसेल असा. उजवीकडचं तुम्ही खिडकीतनं डोकं काढून बघताच की. चार कॅमेऱ्यांचं ३६० वालं घेतलं तर ते जमिनीवर चौकटीच्या चटया अंथरून कॅलिब्रेट करावं लागतं, आणि पुढं कधी कॅमेरा जरा हलला की परत तेच काम. माझ्या मते तुमच्या गाडीला तीन कॅमेरे भरपूर झाले, उरलेल्या पैशात बॅटरी आणि टायर बघा.

स्टिरिओ. एक डिनची खाच १८० बाय ५० मिलिमीटर असते, दोन डिनची १८० बाय १००. तुमच्या डॅशबोर्डात टेपच्या खाली रिकामा खण किंवा झाकण असलं तर दोन डिनची जागा निघते, पट्टी घेऊन मोजा. निघाली तर सरळ ७ इंची बसवा. एक डिनच्या डब्याला पुढं मोठी स्क्रीन लटकवलेली मिळते ती शोरूममध्ये झकास दिसते, पण खडबडीत रस्त्यावर थरथरते आणि बऱ्याच गाड्यांत एसीच्या जाळ्या झाकते. डॅशबोर्ड कापून १० इंची बसवायला तर मी कोणालाच सांगत नाही.

आणि मुख्य म्हणजे वायरिंग. आधीच्या मालकाने लावलेल्या टेपच्या मागं हात घालाल तर वायरी पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली सापडण्याची शक्यता दाट आहे, उन्हाळ्यात त्याचा गोंद वितळतो आणि हादऱ्यानं जोड सुटतो. ते सगळं काढून गाडीच्या मापाचा कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) घ्या, जिथं जोड द्यावाच लागेल तिथं सोल्डर आणि वर स्लीव्ह (वायरीवर चढवायची नळी). काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा, हे मिस्त्रीला न लाजता सांगा. बाहेरच्या स्टिरिओला पिवळी वायर सरळ बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थ, नारिंगी दिव्याची. ही नारिंगी बरेच मिस्त्री तशीच सोडून देतात, मग हेडलाईट लावले तरी स्क्रीन मंद होत नाही आणि रात्री घाटात काचेवर तिचाच उजेड पडतो. गाडी बंद केली की सगळी सेटिंग पुसली जात असतील तर पिवळी आणि लाल उलटी झालीय असं समजा.

लडाखचं एक राहिलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही गावं सोडली की गुल. जीपीएसला नेटवर्क लागत नाही पण नकाशाला लागतं, म्हणून सगळा पट्टा घरच्या वायफायवर ऑफलाईन उतरवून घ्या, स्टिरिओत पण आणि फोनमध्ये पण. जीपीएसचा अँटेना मिस्त्री कधीकधी लोखंडी पट्टीच्या खाली कोंबतो, तो डॅशबोर्डाच्या वरच्या प्लास्टिकखाली आकाशाकडं तोंड करून पाहिजे.

प्रश्न : नवा स्टिरिओ लावल्यापासून स्पीकरमधनं कुईंऽऽ असा आवाज येतो, रेस दिली की वाढतो. दुकानदार म्हणतो स्पीकर बदला. (शाहूपुरी)

उत्तर : स्पीकर बदलू नका. रेसबरोबर वाढतो म्हणजे आवाज अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) आहे आणि तो बहुतेक अर्थिंगमधनं येतोय. स्टिरिओची काळी वायर डॅशबोर्डातल्या कुठल्यातरी रंगवलेल्या स्क्रूला बांधली असेल, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर नीट आवळून बघा. ॲम्प्लिफायर असेल तर दोघांची अर्थ शक्यतो एकाच ठिकाणी घ्या, आणि ॲम्पची जाड करंटची वायर गाडीच्या एका बाजूनं, आवाजाची आरसीए वायर दुसऱ्या बाजूनं. ती जाड वायर बॅटरीतनं निघाली की हातभर अंतराच्या आतच फ्यूज पाहिजे, हा मुद्दा आवाजाचा नाही, आगीचा आहे. बॉक्सवर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं वाचून हुरळू नका, गाडीच्या १२ व्होल्टवर ॲम्पशिवाय एका स्पीकरला खरे २० वॉटच्या आसपासच मिळतात.

प्रश्न : डॅशकॅम पार्किंग मोडवर (गाडी बंद असतानाही चालू) ठेवला होता, चार दिवस गावाला गेलो, परत आलो तर गाडी चालू होईना. डॅशकॅम खराब म्हणायचा का? (कसबा बावडा)

उत्तर : डॅशकॅम बिचारा तुम्ही सांगितलेलंच काम करत होता. पुढचा-मागचा मिळून साधारण ५ वॉट धरले तर १२ व्होल्टला ०.४ अँपिअर, दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. चार दिवसांत ४० गेले, गाडीची बॅटरी ६० ची असली तर सेल मारायला उरलं काय? डॅशकॅम गाडीच्या वायरिंगला जोडायचं हार्डवायर किट मिळतं, त्यात व्होल्टेज कटऑफ असतो, म्हणजे बॅटरी ठरवलेल्या व्होल्टच्या खाली आली की डॅशकॅम बंद, तो १२.२ च्या आसपास ठेवा. ११.८ वर ठेवून उपयोग नाही, तोवर बॅटरी जवळपास संपलेली असते. दोन दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर पार्किंग मोड सरळ बंद करायचा.

नवा घेणाऱ्यांसाठी सांगतो, आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला घ्या, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात काचेला चिकटलेली लिथियम बॅटरी फुगते. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’चंच, साधं कार्ड सारखं लिहून-पुसून मरतं आणि ते मेलेलं कळतं नेमकं अपघात झाल्यावर. १२८ जीबीत पुढचा कॅमेरा एकटा १५ एमबीपीएसनं साधारण १९ तास, दोन असले तर निम्मे, मग जुनं पुसून त्यावरच नवं लिहिलं जातं. ऊस तोडणीच्या हंगामात रात्री बिगर टेललाईटच्या दोन-दोन ट्रॉल्या पुढं असतात, काही घडलंच तर ती क्लिप तिथंच लगेच लॉक करा.

प्रश्न : पुढं लावलेल्या कॅमेऱ्यात पुढच्या गाडीचा नंबर उलटा दिसतो आणि वर पार्किंगच्या रंगीत रेषा येतात. (फुलेवाडी)

उत्तर : तुम्हाला मागचा कॅमेरा पुढं लावून दिलाय. मागच्याचं चित्र आरशासारखं उलटं असतं. पण बदलायची गरज नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरीवर छोट्या दोन वळ्या असतात, एक कापली की चित्र सुलटं, दुसरी कापली की रेषा जातात. कुठली कशाची ते सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो बघून कापा आणि टोकांना स्लीव्ह घाला.

प्रश्न : स्टिरिओ आणि कॅमेऱ्यांवर बराच खर्च झालाय, चोरी झाली तर इन्शुरन्स देईल का? आणि स्टिरिओची हँडब्रेकला जोडायची वायर अर्थला जोडली तर चालू गाडीत पिक्चर दिसतो म्हणे, जोडू का? (रंकाळा परिसर)

उत्तर : पॉलिसीत नोंद नसेल तर बाहेरनं बसवलेल्या सामानाचं मिळणं अवघड. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज म्हणून नोंद करता येते, त्याला आयएमटी २४ असं कलम आहे, थोडा जादा हप्ता बसतो. बिलं जीएसटीची घ्या, कच्च्या चिठ्ठीवर कोणी पैसे देत नाही, आणि बसवलेल्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा. हँडब्रेकची वायर हँडब्रेकलाच जोडा. पोरांना पिक्चर बघायचाच असेल तर मागं टॅब्लेट द्या, आणि तो चार्ज करायला मागं एक वेगळं सॉकेट काढून घ्या, फ्यूजसकट, तेवढ्यासाठी डॅशबोर्ड परत उघडायला लागू नये.