कुत्रीच्या नसबंदीनंतरचे दोन आठवडे: वाचकांचे प्रश्न

मादीच्या नसबंदीत अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. पोट उघडून केलेलं हे ऑपरेशन आहे, तरी बहुतेक कुत्र्या त्याच दिवशी घरी येतात. पुढची सगळी शुश्रूषा मग घरच्यांच्या हातात असते. या वेळची पत्रं त्याबद्दलचीच आहेत.

आमची दोन वर्षांची लॅब्रॅडॉर संध्याकाळी घरी आली. रात्रभर कण्हत होती, थरथरत होती, मधूनच खोकत होती. जेवणाला तोंड लावलं नाही. यातलं साधं काय, आणि रात्रीच डॉक्टरांना फोन कधी करायचा? (पुणे)

तुम्ही लिहिलेलं सगळं पहिल्या रात्री साधारणपणे दिसतंच. भूल उतरताना कुत्री गोंधळलेली असते, त्यामुळे कण्हते; प्रत्येक कण्हण्यामागे दुखणं असतंच असं नाही. भुलीत अंगाची ऊब उतरते, म्हणून थरथर. फरशीवर न झोपवता जाड गोधडीवर झोपवा, पंख्याचा थेट वारा नको. गरम पाण्याची पिशवी उघडी अंगाला लावू नका. ग्लानीतली कुत्री चटका बसला तरी बाजूला सरकत नाही आणि भाजते. खोकला श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे येतो, एक-दोन दिवसांत थांबतो.

पाणी दोन-चार घोटच द्या, पोटात टिकलं तर अर्ध्या तासाने पुन्हा. नीट उभी राहून चालायला लागली की नेहमीच्या पाव ते निम्मं जेवण: मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन. घरच्या रश्श्यातलं चिकन देऊ नका, कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एखादी उलटी झाली तर घाबरू नका. चोवीस तास उलटूनही काहीच खात नसेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर फोन करा. शू मात्र चोवीस तासांत व्हायलाच हवी. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं, कारण उपास घडलेला असतो आणि भुलीने आतडी मंदावलेली असतात.

झोपण्यापूर्वी एक गोष्ट नक्की तपासा. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या मुळात काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. हिरड्या फिक्या पांढऱ्या, पोट फुगत चाललेलं, श्वास भरभर, उठवूनही उठत नाही, असं दिसलं तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अंडाशयाच्या रक्तवाहिनीवर बांधलेला दोरा क्वचित सैल होतो. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

तीन दिवसांचं दुखण्याचं औषध संपलं. घरातली माणसांची गोळी थोडी तोडून दिली तर? (सोलापूर)

देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचा मार यकृतावर आणि रक्तावर बसतो. मेलॉक्झिकॅम कुत्र्यांनाही देतात, म्हणून ते निर्धोक वाटतं, पण हिशेब पाहा. पहिल्या दिवसानंतरचा नेहमीचा डोस किलोला 0.1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. म्हणजे 10 किलोच्या कुत्रीला 1 मिलिग्रॅम. माणसांची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. लहान गोळीचा चतकोरसुद्धा जवळजवळ दुप्पट होतो, आणि चतकोर तुकडे कधी सारखे पडत नाहीत.

ती पाठ वाकवून, पोट आवळून उभी राहते का, आडवी न होता बसल्याबसल्या डुलक्या घेते का, सारखी जागा बदलते का, हे पाहा. तसं असेल तर दुखतंय. डॉक्टरांकडून औषध वाढवून घ्या. दिलेलं औषध नेहमी खाण्याबरोबर द्या. उलट्या किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर पुढचा डोस थांबवून आधी त्यांना विचारा.

ऑपरेशनला पाच दिवस झाले. आता ती पूर्ण बरी दिसते, घरभर पळते, सोफ्यावर उड्या मारते. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनने मात्र वैतागली आहे. आम्ही घरीच असतो, कोन काढला तर चालेल ना? (कोल्हापूर)

नाही, आणि पळणंही आजपासून बंद करा. पहिले दोन-तीन दिवस कुत्री स्वतःच पडून असते, तेव्हा फारसं बिघडत नाही. टाके तुटतात ते बहुधा असेच, तिला बरं वाटायला लागल्यावर.

वरची कातडी आठवडाभरात मिटलेली दिसते. पण तिच्याखाली चरबी असते, आणि त्याखाली दोन्ही बाजूंच्या स्नायूंना जोडणारी पांढरी चिवट पट्टी. पोटाचा भार खरा तीच पेलते, आणि ती वरच्या कातडीपेक्षा कितीतरी हळू जुळते. दोन आठवड्यांनीसुद्धा ती मूळच्या ताकदीला आलेली नसते. सोफ्यावरून उडी मारली की सगळा दाब तिच्यावर येतो. थोडक्यात निभावलं तर कातडीखाली पाणी साचून फुगवटा येतो. तो हालचाल कमी केल्यावर बहुधा आपोआप जिरतो. पट्टीच उसवली तर आतली चरबी किंवा आतडं त्या फटीतून पुढे येतं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. बाहेरून हे दोन्ही फुगवटे सारखेच दिसतात, म्हणून दाबून अंदाज घेऊ नका, डॉक्टरांनाच दाखवा.

दहा ते चौदा दिवस तिला पट्ट्यानेच बाहेर न्या, शी-शूपुरतं, दर वेळी पाच-दहा मिनिटं. सोफा आणि पलंगाकडे जाणारी वाट अडवा. जिना असेल आणि वजन झेपत असेल तर उचलून न्या: एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागून, पोटाला आधार न देता. पोटाखालून टॉवेल घालून उचलण्याची पद्धत इथे चुकीची, तो नेमका टाक्यांवरच दाबतो. दिवस जावा म्हणून गोठवलेलं साधं दही किंवा उकडलेला लाल भोपळा चाटायला द्या, खाऊचे तुकडे चादरीच्या घड्यांत लपवून नाकाने शोधायला लावा. तल्लख कुत्री अशा दहा मिनिटांच्या खेळाने छान दमते.

आता कोन. कुत्र्याच्या लाळेने जखम भरते हा समज फार पक्का आहे आणि फार नुकसान करतो. तोंडातले जंतू जखमेत जातात, आणि समोरचे बारीक दात टाके कातरतात. तुम्ही दार उघडायला उठलात तेवढा वेळ त्याला पुरतो. कोनची कड नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर हवी आणि गळ्याशी दोन बोटं सरकली पाहिजेत. जेवणाचं भांडं कोनच्या तोंडापेक्षा लहान घ्या आणि पाटावर ठेवा. हवा भरायचे गोल पट्टे लांब तोंडाच्या कुत्रीच्या कामाचे नाहीत, तिचं तोंड पोटापर्यंत पोचतंच. कोन अजिबातच सहन होत नसेल तर अंगाला बसणारा सुती टी-शर्ट घाला: पुढचे पाय बाह्यांतून, मागचं टोक कमरेवर गाठ मारून. शूला नेताना गाठ सोडा, ओला झाला की लगेच बदला. ती कापडावरूनही चाटू लागली तर मात्र कोनला पर्याय नाही.

इथे धो-धो पाऊस आहे आणि माश्याही फार. जखमेवर हळद किंवा खोबरेल लावावं का? (रत्नागिरी)

डॉक्टरांनी सांगितलेलं सोडून काहीही नको. तेल-हळदीचा थर ओल धरतो, आणि चवीने ती जास्त चाटते. हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या पेशी मरतात. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. विरघळणारे टाके असले तरी चौदा दिवस नाही. फिरून आल्यावर पाय पुसा, पोट ओलं झालं असेल तर स्वच्छ सुती कापडाने टिपा, चोळू नका.

पावसाळ्यात खरी भीती अळ्यांची. ओल्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात. दोन आठवडे तिला अंगणात किंवा पडवीत न ठेवता जाळी लावलेल्या खोलीत ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ जखम पाहा आणि फोनवर फोटो काढा, म्हणजे कालच्याशी ताडून पाहता येतं. पहिले काही दिवस कड किंचित लाल, थोडी सूज, एखादा गुलाबीसर थेंब, इथवर ठीक. लाली वाढत जाणं, पू, दुर्गंधी, कडा उघडणं, 103 फॅरनहाइटच्या वर ताप (कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं), यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. अळ्या दिसल्या तर फिनाईल किंवा टर्पेंटाइन ओतू नका, पोटावरच्या जखमेत तर मुळीच नाही.

ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांत तिचे सड सुजले आणि दूध आलं. गर्भाशय काढल्यावर हे कसं? (नाशिक)

ती माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असताना ऑपरेशन झालं असावं. त्या काळात अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर येत असतं, मग ती गाभण असो वा नसो. अंडाशय काढताच ते एकदम घसरतं, दूध आणणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध उतरतं. काही जणी खेळणी गोळा करून पिल्लांसारखी जपतात. म्हणूनच शक्य असेल तेव्हा माज संपून दोन-तीन महिने गेल्यावर ऑपरेशन करतात.

दूध पिळू नका, शेकू नका, चाटू देऊ नका. तिन्हींनी दूध वाढतं. खेळणी काही दिवस उचलून ठेवा. बहुधा दोन-तीन आठवड्यांत आटतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं. त्रास फार असेल तर डॉक्टर प्रोलॅक्टिन कमी करणारं कॅबरगोलिन देतात; त्याने मळमळते, म्हणून खाण्याबरोबर द्यायचं. एखादा सड कडक, गरम, जांभळट झाला तर संसर्ग आहे असं धरून लगेच दाखवा.