शिट्ट्या मोजत वेबसाइट होत नाही

"घरीच असते, तरी धड काम होत नाही आणि धड स्वयंपाकही होत नाही. बाकीच्या बायका नोकरी करून सगळं निभावतात. माझ्यातच काही कमी आहे का?"

शहरातली नोकरी सोडून गावी आलेल्या आणि लॅपटॉपवर स्वतंत्र कामं घेणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न समुपदेशनाच्या सत्रांत वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. पुरुषही येतात, पण त्यांच्या गाऱ्हाण्यात स्वयंपाक क्वचितच असतो. खालची हकिकत अशाच एकीची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ३४. पुण्यात सहा वर्षं वेब डिझाइनची नोकरी केली आणि मग संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत सासरी राहायला आली. नवरा हायस्कूलात शिक्षक, तो साडेनऊला निघतो. मुलगी तिसरीत. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात म्हणून चुलीपाशी बसवत नाही, बाकी हात चालतात. दारात चार आंब्यांची कलमं, परड्यात काजू, गोठ्यात एक गाय. काम बरं मिळत होतं: तालुक्यातली दुकानं, एक होमस्टे, लंडनमधली एक छोटी कंपनी. तरी सहा महिन्यांत दोन कामं हातची गेली होती, आणि घरात रोज जेवायला उशीर होत होता.

आधी एक गोष्ट तपासून घेतली. झोप, भूक, कशातच मन न लागणं, रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त सलग चाललंय का? तसं असेल तर वेळापत्रकाच्या गप्पा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. गावात डॉक्टर हाताशी नसले तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. तिचं तसं नव्हतं. झोप लागत होती, चिडचिड होती, आणि रात्री अकराला लॅपटॉप उघडायची सवय लागली होती.

मग तीन दिवसांची नोंद करायला सांगितलं. खुर्चीवरून उठलात की फक्त वेळ आणि कारण लिहायचं, सुधारणा काही करायची नाही. मंगळवारचं पान असं होतं: ९.५० बसले. १०.०५ मासेवाली. १०.२५ मासे साफ करून परत. १०.३१ कुकरची दुसरी शिट्टी. १०.३८ तिसरी, गॅस बंद. १०.४५ शेजारच्या काकू, विरजण मागायला. १०.५५ फोन, होमस्टेवाले, "तो निळा जरा गडद करा". ११.०२ दूध. दुपारी दीडपर्यंत ती २१ वेळा उठली होती. सलग बसण्याचा सगळ्यात मोठा तुकडा १५ मिनिटांचा निघाला.

ते पान पाहून ती म्हणाली, "म्हणजे मी कामच करत नाही." पण बेरीज केली तर खुर्चीवरचे एकूण तास दोनच्या वर भरत होते. तास होते, पण सगळे फुटाण्यासारखे फुटलेले. एका कामातून दुसऱ्यात गेलं की मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग करून शोधनिबंध लिहिला, आणि आधीचं काम अर्धवट सुटलेलं असेल तर ही अडकण जास्त जाणवते असं त्यांना दिसलं. कुकरची शिट्टी हे याचं अस्सल उदाहरण. उठायला दहा सेकंद लागतात, पण "दोन झाल्या की तीन?" हे मोजणारा कान सात-आठ मिनिटं स्वयंपाकघरातच असतो. मोबाइलवर वेबसाइटच्या पानाची मांडणी का विस्कटतेय हे शोधताना असा उसना कान चालत नाही.

"बाकीच्या बायका निभावतात" या वाक्यावरही थांबावं लागलं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाच तासांचं काम आधीच मांडीवर आहे. नोकरीवाली बाई निदान घराबाहेर पडते, त्यामुळे मधल्या आठ तासांत तिला कुणी विरजण मागत नाही. हिला ती सोयच नव्हती.

पहिला आराखडा आठवड्यात मोडला, तो का मोडला हे सांगण्यासारखं आहे. दहा ते साडेबारा खोलीचं दार लावून काम, असं ठरलं होतं. पण वाडीत भरदिवसा दार लावलं की दोनच अर्थ निघतात: कुणीतरी आजारी आहे किंवा घरात भांडण आहे. तिसऱ्या दिवशी वरच्या घरातली वहिनी विचारपूस करायला आली. सासूबाईंना ते लागलं. शिवाय त्याच आठवड्यात दोन दिवस वीज गेली आणि अडीच तासांची ती चौकट कागदावरच राहिली.

दुसऱ्यांदा दाराऐवजी कामं वेगळी केली, आधी लॅपटॉपवरची. मांडणी, कोड आणि बिघाड शोधणं यांना किमान ९० मिनिटं सलग लागतात. फोटो कापणं, त्यांचं वजन कमी करणं, मजकूर भरणं, बिलं आणि मेल ही तुकड्यांत होतात. एक काम तुकड्यांतलं वाटतं पण नसतं: वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रणालीचे प्लगइन, म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्राम, अपडेट करणं. ती ते दुधाकडे बघत मोबाइलवर करायची. मध्येच वीज किंवा नेट गेलं की कधीकधी ते अर्ध्यात अडकतं आणि गिऱ्हाइकाच्या साइटवर "देखभाल चालू आहे" एवढाच संदेश उरतो. होमस्टेची साइट ऐन सुट्टीच्या आठवड्यात अशीच बंद पडली होती. उपाय साधा आहे: सर्व्हरवरच्या मूळ फोल्डरमध्ये डॉट मेंटेनन्स नावाची फाइल असते, ती पुसायची. पण आधी बॅकअप, मग अपडेट, आणि तेही वीज असताना टेबलापाशी बसूनच.

मग स्वयंपाकघर. तांदळाची भाकरी थांबत नाही. दोन वाट्या पिठाला साधारण तेवढंच उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, झाकून वाफ, आणि गरम असतानाच मळायचं. उकड तासभर पडली की कोरडी होते आणि भाकरीच्या कडा चिरतात. म्हणून भाकरी सकाळीच, नवरा आणि मुलगी डबा घेऊन निघायच्या आत. आंबोळीचं पीठ मात्र आपलं आपण काम करतं: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी, भिजवून वाटून रात्रभर आंबवायचं, की दोन सकाळी सुटतात. कडव्या वालांचं बिरडं हा सगळ्यात वेळखाऊ पदार्थ. रात्रभर भिजत, मग फडक्यात बांधून मोड येईपर्यंत, मग कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायची, अर्धा किलोला सहज तासभर. पण ते बसून करायचं काम आहे, आणि सासूबाईंना चूल जमत नसली तरी बिरडं सोलणं जमत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सुनेला वाटायचं, गुडघे दुखतात तर कसं सांगू. सासूबाईंना वाटायचं, मला आता कशातच धरत नाहीत.

मासेवालीचा प्रश्नही तिथेच सुटला. मासे घेणं आणि विळीवर साफ करणं सासूबाईंकडे गेलं. साफ केले की मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून फ्रिजमध्ये, संध्याकाळपर्यंत त्यांना काही होत नाही. वीज फार वेळ गेलेली असेल त्या दिवशी मात्र मासे घ्यायचेच नाहीत. आणि कुकर नऊच्या आत उतरवायचा, म्हणजे शिट्ट्या मोजायला कुणी बसायचं नाही.

संध्याकाळची अडचण घड्याळाची होती. लंडनच्या कंपनीची बैठक तिथल्या दुपारी दोनला असायची. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे इथे साडेसहा: दिवेलागण, गाय, मुलीचा अभ्यास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे घेतात, मग हीच बैठक इथे साडेसातला, भाताच्या ऐन वेळी. वेळ बदला असं लिहायला ती तीन आठवडे बिचकत होती. काम जाईल ही भीती. शेवटी मेल सत्रातच लिहून घेतली, चार ओळींची: इथल्या दुपारी तीनला, म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ, चालेल का? उत्तर एका ओळीत आलं, सकाळ त्यांनाही बरी पडत होती.

रात्रीला कुळथाची पिठी हा आधार ठरला. तीन-चार मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग लसणाची फोडणी, दोन-अडीच वाट्या पाणी, शेवटी आमसूल. पंधरा मिनिटांत होते. भात लावणं नवऱ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात त्याचा भात दोनदा लागला, तेव्हा ती उठून बघायला गेली नाही. यासाठी अर्धं सत्र खर्ची पडलं होतं.

विजेचं गणित अनेकांच्या उपयोगाचं आहे. घरात १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी होती. कागदावर ती १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी तळापर्यंत न उतरवण्याचं पथ्य धरलं तर हाती हजारेक उरतात. लॅपटॉप ६०, मॉनिटर २५, राउटर १०, पंखा ७०, दोन दिवे २०: एकूण १८५ वॅट, म्हणजे पाचेक तास. तरी बैठकीत नेट का तुटायचं? कारण त्याच वेळी वाटणाला मिक्सर लागायचा. ७५० वॅटचा मिक्सर सुरू होताना त्याहून जास्त ओढतो, छोटा इन्व्हर्टर भार सोसत नाही आणि सगळंच बंद पडतं. राउटर परत उठायला दोन-तीन मिनिटं जातात. यावरून दोघी एकमेकींवर चिडत होत्या, आणि दोघींनाही कारण माहीत नव्हतं. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, आणि वाटण सकाळी वीज असताना करायचं ठरलं. कांदा-खोबरं भाजून, पाणी न घालता वाटलं तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. ओल्या खोबऱ्याचं कच्चं वाटण लवकर आंबतं.

पैशांची बाजूही तितकीच गळकी होती. पाच पानांची साइट १८,००० रुपयांत घेतली होती. नोंदीप्रमाणे तिला ६२ तास लागले, म्हणजे तासाला २९० रुपये. त्यातले १९ तास "छोट्या बदलां"चे. पुढच्या करारात दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या लिहिल्या आणि फेरी म्हणजे काय तेही लिहिलं: सगळे बदल एकाच कागदावर, फोनवर नाहीत. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे. ४० टक्के आगाऊ, ३० मांडणी पसंत पडल्यावर, ३० साइट सुरू करण्याआधी. आणि मजकूर व फोटो हाती आल्याशिवाय दिवस मोजायला सुरुवात नाही, कारण बहुतेक कामं तिथेच रखडतात. तालुक्यातल्या एका दुकानदाराने हे वाचून काम दिलं नाही. दोघांनी दिलं.

सासूबाई एका सत्राला आल्या. वेबसाइट म्हणजे काय हे समजावण्याचा नातेवाइकांचा नेहमीचा खटाटोप केला नाही, त्यांनीच एक प्रश्न विचारला: "पगार कधी होतो हिचा?" इथेच मेख होती. मुलाचा पगार ठरल्या तारखेला येतो, म्हणून ती नोकरी. सुनेचे पैसे कधी मार्चमध्ये एकदम, कधी दोन महिने काहीच नाही. म्हणून ते काम त्यांच्या लेखी फावल्या वेळचं, लोणच्याच्या ऑर्डरीसारखं. तेव्हा कामाचं खातं वेगळं काढलं. त्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला १५,००० घरखर्चाच्या खात्यात, आवक कमी असो वा जास्त. त्यासाठी आधी तीन महिन्यांचे ४५,००० साठवावे लागले, त्याला पाच महिने गेले. सत्रांत बोललेल्या कशापेक्षाही या ५ तारखेचा घरात जास्त परिणाम झाला.

सगळं जमलं असं नाही. जुलैत लावणीच्या दिवसांत काम अर्ध्यावर येतं. झाड पडून फायबर तुटली की वाडीत एकाच कंपनीचं मोबाइल नेटवर्क उरतं, आणि वीज लांबली की तेही जातं. म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करताना ती आता गिऱ्हाइकांनाही कळवते: जून ते ऑगस्ट बैठकीऐवजी मेल, आणि मुदती दीडपट. गणपती आणि शिमगा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर बंद म्हणून घालते. नवऱ्याचा भात परीक्षांच्या दिवसांत पुन्हा तिच्याकडे आला आणि परत जायला महिना लागला.

चौथ्या महिन्यात पुन्हा तीन दिवसांची नोंद केली. दीडपर्यंत ती सहा वेळा उठली होती. सव्वादहाच्या रकान्यात फक्त एक ओळ होती, काकू विरजण मागायला आल्याची. ती उठली नव्हती. पडवीतून सासूबाईंचा आवाज ऐकू आला तो तिने तसाच लिहून ठेवला होता: "ती कामावर आहे गो. वाटी दे, मी घालते."