वाचकांचे प्रश्न : गेमच्या यंत्रात पाम ओएस आणि वेचाईचा हिशेब

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमच्या वावरात कापूस आहे आणि वेचणीला दहा-बारा बाया येतात. संध्याकाळी धुऱ्यावर प्रत्येकीचा कापूस काट्यावर मोजायचा, लिहून ठेवायचा आणि आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे चुकते करायचे, हे काम माझ्याकडे आहे. वहीची पानं फाटतात, आकडे पुसट होतात. मोबाइलवर लिहायला घेतलं की मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि एखादीचं वजन लिहायचं राहून जातं. माझ्या मुलाकडे आर36एस नावाचं गेमचं छोटं यंत्र आहे. त्यात पाम नावाच्या जुन्या, खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीची ओएस, म्हणजे ती चालवणारी प्रणाली, चालते म्हणतो. खरंच चालते काय? आणि माझं काम त्यावर होईल काय?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतो, चालते. दारव्ह्याच्या माझ्या दुकानात मी ती चालवून बघितली आहे. पण धुऱ्यावर उभ्या-उभ्या तिच्यात वजनं लिहिणं जमणार नाही. का, ते सांगतो.

पाम एम515 ही डायरी 2002 सालची. तिचा प्रोसेसर 33 मेगाहर्ट्झचा, मेमरी 16 एमबी आणि पडदा 160 बाय 160 ठिपक्यांचा. आर36एसमध्ये चार कोअरचा प्रोसेसर आणि 640 बाय 480 चा पडदा आहे, म्हणजे ताकदीची अडचण अजिबात नाही. त्यातल्या रेट्रोआर्च या जुनी यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामात ‘म्यू’ नावाचा कोअर (इथं कोअर म्हणजे जोड-प्रोग्राम) लागतो, तो अख्खा एम515 सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. हा कोअर यंत्राच्या मेमरी कार्डावर आहे का ते मुलाला आधी बघायला सांगा, सगळ्याच कार्डांवर असतो असं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पामची रॉम फाइल, म्हणजे डायरीतली मूळ प्रणाली उतरवून घेतलेली फाइल. ती ‘सिस्टिम’ फोल्डरमध्ये नेमक्या नावानं ठेवावी लागते. कोअरच्या माहितीच्या पानावर ते नाव असतं आणि फाइल सापडली की नाही हेही तिथंच कळतं. ही रॉम कंपनीच्या मालकीची आहे, फुकट वाटायला मोकळी केलेली नाही. नात्यात, ओळखीत कुणाच्या कपाटात बंद पडायला आलेला एम515 असेल तर त्याच्यातूनच काढून घ्या.

सुरू झालं की पाम पहिल्यांदा पडद्यावर फुली दाखवतो आणि तिच्यावर पेन टेकवा म्हणतो. आर36एसला स्पर्शाचा पडदा नाही. अंगठ्याखालच्या काठीनं बाण सरकवत फुलीवर न्यायचा आणि बटण दाबायचं. इथपर्यंत ठीक आहे. पुढं मेमो पॅड, म्हणजे पामची टिपणवही, उघडा. खाली लिहायच्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात ‘123’ आहे, त्याच्यावर बाण नेऊन दाबलं की आकड्यांचा कळफलक येतो. आता 23.5 लिहायचे म्हणजे बाण दोनवर न्या, दाबा, तीनवर न्या, दाबा, मग टिंब, मग पाच. काठी जरा जास्त ढकलली गेली की बाण शेजारच्या आकड्यावर जातो आणि 23 चे 24 होतात. अंधार पडत आलेला, दिवसभर वाकून वेचलेल्या बाया काट्याजवळ उभ्या, त्यांना घरी जाऊन चूल पेटवायची आहे. त्या वेळी हे काम नको. चुकलेला अर्धा किलो कुणाच्या तरी मजुरीतून जातो.

तुमचा विचार मात्र चांगला आहे आणि तो सोडू नका. फोन न येणारी, फक्त लिहायची वस्तू हवी हे अगदी खरं. त्यासाठी घरातला जुना स्मार्टफोन घ्या आणि त्यातलं सिम काढा. ब्राउझरमध्ये ‘क्लाउडपायलट’ हा पामचा एम्युलेटर, म्हणजे पामची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, चालतो. एकदा होम स्क्रीनवर बसवला की नेट लागत नाही, म्हणजे वावरात रेंज नसली तरी अडत नाही. रॉम इथंही तीच लागते. फरक असा की इथं पडद्याला बोट लागतं, त्यामुळे पामची खरी खुबी, ग्राफिटी लिखाण, म्हणजे चौकटीत एकेक अक्षर रेघेनं काढून लिहिणं, वापरता येतं. चौकटीच्या डाव्या बाजूला अक्षरं, उजव्या बाजूला आकडे. इंग्रजी ए आडव्या रेषेशिवाय, नुसता घराच्या छपरासारखा काढायचा. आकडे बहुतेक आपण लिहितो तसेच, फक्त हात न उचलता. सवय लागली की पडद्याकडे न बघता, काट्याकडे नजर ठेवून वजन लिहिता येतं. मला पाम आवडतो तो याच्यासाठी. बोट जाड वाटलं तर रबरी टोकाचं पेन घ्या.

प्रत्येक बाईसाठी एक मेमो करा. पहिल्या ओळीत नाव, म्हणजे यादीत तेच दिसतं. खाली रोज एक ओळ, तारीख आणि किलो. एका मेमोत सुमारे चार हजार अक्षरं मावतात, पूर्ण हंगाम आरामात बसतो. एम515 मध्ये देवनागरी नाही, नावं रोमनमध्ये लिहावी लागतील. वजन लिहिलं की पडदा त्या बाईकडे फिरवा, तिला तिचा आकडा बघू द्या. आणि घरी आल्यावर पक्क्या वहीत उतरवा. मजुरीचा हिशेब एका फाइलच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

मुलाच्या आर36एसवर पाम ठेवायचाच असेल तर कामांची यादी ठेवा. टू डू लिस्टमध्ये फवारणी, डवरणी, खताचा दुसरा हप्ता, प्रत्येकापुढे तारीख. तिथं बाण नेऊन एक खूण करायची असते, तेवढं काठीनं छान होतं. ॲड्रेस बुकमध्ये जिनिंग, कृषी केंद्र, ट्रॅक्टरवाला यांचे नंबर. दोन गोष्टी सांभाळा. बंद करताना रेट्रोआर्चच्या मेनूतून नीट बाहेर या, थेट खटका दाबला तर त्या दिवशीचं लिहिलेलं जाऊ शकतं. आणि उघडल्यावर तारीख तपासा. पामची दिनदर्शिका 2031 च्या डिसेंबरपर्यंतच आहे, तोवर काळजी नाही.

प्रश्न : माझ्याकडे मामेभावानं दिलेलं निन्टेन्डो डीएस हे गेमचं यंत्र आहे. त्याला पेन आहे, खालचा पडदा स्पर्शाचा आहे. मग त्याच्यावर पाम ओएस का टाकू नये?
— एक विद्यार्थी, मोर्शी

उत्तर : पेन आहे म्हणून कुणालाही हेच सुचेल. पण डीएसची मुख्य मेमरी 4 एमबीच. एम515 ची नुसती रॉमच तेवढी आहे, वर तिची 16 एमबी मेमरी कुठून आणणार? त्यापेक्षा ‘डीएसऑर्गनाइज’ बघ. हौशी प्रोग्रामरांनी खास डीएससाठीच लिहिलेली ही डायरी आहे : दिनदर्शिका, कामांची यादी, पत्ते आणि पेनानं खरडायचं पान. त्या पानावर तू मराठीतही लिहू शकतोस, कारण ते चित्र म्हणून जपलं जातं. पाम आणि गेम एकाच यंत्रात मुळातूनच हवे असतील तर 2003 मध्ये टॅपवेव्ह कंपनीनं झोडिॲक काढला होता, पाम ओएस 5 वर चालणारा, काठी आणि बटणं असलेला. कंपनी 2005 मध्ये बंद पडली, त्यामुळे आता जुनाच शोधावा लागेल. डीएसऑर्गनाइजसाठी मेमरी कार्ड बसणारं फ्लॅश कार्ट्रिज लागतं. ते विकत घेण्याआधी डीएसच्या सेटिंगमध्ये जाऊन खालचा पडदा कॅलिब्रेट करून बघ. पेन टेकवतोस तिथंच खूण उमटत नसेल तर आधी पडदा बदलून घे.