पहिला व्लॉगर कट्टा भरवतोयस? मग हे वाच

आधी माणसं मोज. व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर पंचवीस जण ‘येतो’ म्हणतील, येतील दहा-बारा. म्हणून हॉल घेऊन पैसे अडकवू नकोस. डिसेंबरातल्या रविवारी सकाळी साडेसातला तळजाई टेकडीवर जमा. पुण्यात तेव्हा सूर्य सातच्या आसपास उगवतो, उजेड मऊ असतो आणि नंतर मिसळीला जाता येतं. (मिसळ ठरली की गळती कमी होते, हा माझा अनुभव.)

शनिवारवाड्याचा मोह होईल. पण ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. ड्रोन घरीच ठेवायला सांग. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, ड्रोनच्या सरकारी नकाशात कुठे बंदी आहे ते तपासल्याशिवाय शहरात उडवायचं नाही.

खरा घोळ आवाजाचा होतो. बरेचसे वायरलेस माइक २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच, म्हणून गर्दीत सिग्नल एकमेकांत अडकतात. आमच्या पहिल्या भेटीत आठ जणांनी एकदमच माइक चालू केले. घरी येऊन पाहिलं तर अर्धं रेकॉर्डिंग तुटक! तेव्हा पाळीपाळीने बोला, एकाच्या माइकवर रेकॉर्ड करून फाइल वाटा.

आणि सुरुवातीलाच विचार, कुणाला कॅमेऱ्यात यायचं नाही? आमच्यातली एक जण फक्त स्वयंपाकाचे हात दाखवते, चेहरा कधीच नाही.

तू स्वतः पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच ठेव. नवीन आलेला कोपऱ्यात एकटा उभा असेल, त्याच्याशी बोल.